मानपत्रातलं वाक्य

“पगाराचं वाक्य तेवढं काढून टाक, अनसूया.”

फर्डिनंड मास्तर हे म्हणाले तेव्हा मी ओटीवर बसून मानपत्र चांगल्या कागदावर उतरवून काढत होते. मास्तर मिशनच्या शाळेत ड्रिल शिकवायचे, शाळेचा बास्केटबॉलचा संघही त्यांनीच उभा केलेला. ते पायरीवरच उभे होते, सायकल हातात. आत दादा, म्हणजे माझे वडील, आणि सत्कार समितीची मंडळी चहा पीत होती.

“का पण, मास्तर?”

त्यांनी एकदा आत पाहिलं, आवाज खाली आणला. “मी सांगतो म्हणून. मुंबईचे पाहुणे यायचेत. नाव लिही, गाव लिही, आमच्या पोरांना शिकवलं ते लिही. पगाराचं नको.”

मी मान हलवली. मास्तर गेले… आणि मी ते वाक्य जरा जास्तच ठळक काढलं. मला वाटलं, मास्तरांना हेवा वाटतोय. बारा वर्षं पोरांमागे धावले हे, आणि मानपत्र मिळतंय परक्याला. बी. ए. झालेली मुलगी होते मी. माणसांच्या मनातलं मला न सांगता कळतं, अशी माझी पक्की समजूत होती.

त्या वाक्याचं पुढे काय झालं ते सांगायचंच आहे. पण आधी तो भेटला कसा, ते सांगू दे. सुखाचं म्हणून माझ्याकडे तेवढंच आहे.

वसईजवळ बोळिंजला आमची वाडी. केळी, पानवेली, कडेने मोगरा. एकोणपन्नास सालची दिवाळी नुकतीच झाली होती. मी विहिरीपाशी रहाटाचा बैल थांबवून उभी होते, तेवढ्यात मागे धप्पकन आवाज झाला. केळीच्या घडावर कुणाचं तरी डोकं आपटलं होतं.

“सॉरी,” तो म्हणाला— घडाला. माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं.

सहा फूट पाच इंच. कोट हातात, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, आणि कपाळावर केळीचा चीक. एक घड चुकवायला वाकला, तर दुसऱ्यावर आदळला.

“हा कोन रे बाबा?” दादा पाटापलीकडून म्हणाले. “माड चालत आला काय?”

“तुम्हाला इंग्रजी येतं?” त्याने मला विचारलं.

“तुमच्यापेक्षा बरं येत असेल. तुम्ही केळीशी बोलताय.”

तो हसला. आधी डोळे हसले, मग ओठ, जणू ओठांना बातमी उशिरा पोचली. नाव रॉय ट्रॅस्क. मुंबईतल्या एका अमेरिकन कंपनीने त्याला पाणी उपसायची तेलाची इंजिनं विकायला पाठवलं होतं, आणि त्याचा दुभाषा तापाने पडला होता. तेव्हा मधे मी उभी राहिले.

“इचार त्याला,” दादा म्हणाले, “तासाला पानी किती काढते?”

मी विचारलं. त्याने खिसे चाचपले. “खरं सांगू? मला माहीत नाही. एका कागदावर लिहिलेलं होतं. कागद गाडीत राहिला. तुम्हीच एखादा चांगलासा आकडा सांगा ना.”

मी दादांकडे वळले. “ते म्हणतात, विहिरीला झरा किती आहे त्यावर असतं.”

“शहाना दिसतो.” दादांनी मान डोलावली. “आनि बिघडलं तर?”

“बिघडलं तर काय, असं विचारतायत.”

“तर मी पळून जाईन,” तो गंभीरपणे म्हणाला. “मला स्क्रूसुद्धा नीट आवळता येत नाही.”

“म्हणतात, बिघडलं तर लगेच धावत येतील.”

दादांनी इंजीन घेतलं नाही. पण पुढच्या रविवारी तो पुन्हा आला— इंजीन कसं चाललंय ते बघायला.

“कुठलं इंजीन?” मी म्हटलं. “आम्ही घेतलंच नाही.”

“म्हणूनच काळजी वाटली,” तो म्हणाला.

मग दर रविवारी यायला लागला. सकाळी मिशनच्या मैदानावर पोरांना बास्केटबॉल शिकवायचं, दुपारी न घेतलेल्या इंजिनाची चौकशी करायची. फर्डिनंड मास्तरांनी जुन्या पिंपाची कडी खांबाला ठोकून बास्केट केली होती. रॉय तिच्याकडे देवाकडे बघावं तसं बघायचा. श्रावणातल्या एका सरीत आम्ही दोघं शाळेच्या व्हरांड्यात अडकलो. पोरं पळून गेली होती. त्याच्या भुवयांवरून पाणी गळत होतं, आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. माझ्या हातात रुमाल होता… द्यावा की देऊ नये, एवढ्यात सर निम्मी पडून गेली.

“एकदा टाकून बघ,” त्याने चेंडू माझ्याकडे दिला. “इथून. पावसातून.”

“साडीत?”

“कडीला काय कळतंय.” तो माझ्या मागे उभा राहिला, बोट न लावता. “कोपर आत. नजर कडीवर.”

“मग तुमच्याकडे कोण बघणार?”

बोलून गेले, आणि कान तापले. चेंडू चिखलात पडला. त्याने तो उचलून आणला. मग तो हळूच म्हणाला, “परत टाक. हाच नेम बरा होता.”

त्या दिवाळीत विहिरीच्या पायऱ्यांवर मी त्याला सुकेळी दिली— पिकली राजेळी केळी उन्हात वाळवून, केळीच्याच सोपटात बांधून ठेवतात ती. त्याने वास घेतला, वाकवून पाहिली.

“हे खायचं की चपलेला लावायचं?”

“आधी खा. उरली तर लावा.”

एकामागून एक चार खाल्ल्या. खाताखाताच मग त्याने ते सांगितलं. इंडियानातलं कागदाच्या गिरणीचं गाव. वडील गिरणीत, भाऊ गिरणीत. हा एकटाच बाहेर पडला, चेंडूच्या जोरावर. तीन हिवाळे तो तिकडच्या एका लहानशा लीगमध्ये पगारावर खेळला. बसमधून गावोगाव हिंडायचं, नाचाच्या हॉलमध्ये सामने. सामना संपला की खुर्च्या सरकवून बँड सुरू व्हायचा. नाचणाऱ्यांसाठी जमिनीला मेण लावलेलं असायचं, म्हणून खेळणारे निम्मा वेळ घसरत असायचे.

“आणि याचे पैसे द्यायचे?”

“घसरण्याचेसुद्धा.” तो हसला, पण या वेळी ओठांपर्यंत काही पोचलं नाही. “एका जानेवारीत आम्ही पोचलो तर हॉलला कुलूप. दारावर कागद. लीग बंद. मी बर्फात उभा, हातात बूट. चोवीस वर्षांचा होतो आणि मला दुसरं काहीच येत नव्हतं, अनसूया.”

माझं पूर्ण नाव घ्यायचा तो. ‘सू’वर जरा थांबायचा, पायरी चुकू नये म्हणून थांबावं तसा.

“मग या कंपनीचा माणूस भेटला. त्यांना इंजीन विकणारा नको होता. मुंबईत कंपन्यांची बास्केटबॉलची स्पर्धा असते, त्यांना तो कप हवा होता.” त्याने सोपटाचा तुकडा बोटाला गुंडाळला. “हे फक्त तुला सांगतोय.”

मला वाटलं, हे प्रेमातलं बोलणं. माणसं म्हणतात ना, फक्त तुला… मी ते तसंच ऐकलं. तसंच जपून ठेवलं. आणि अडीच महिन्यांनी कागदावर लिहून काढलं.

एक्कावन्न सालच्या जानेवारीत मिशनच्या शाळेची पोरं मुंबईच्या मोठ्या शाळांना हरवून आली. मिरवणूक निघाली. मग आमच्याकडे जे होतं तेच झालं. सत्कार ठरला, समिती नेमली, मानपत्र कोण लिहिणार, तर एकनाथदादांची बी. ए. झालेली अनसूया. द्वारका आत्याने फुलांच्या वेण्या गुंफून दिल्या. चौकट करायला सुतार ठरला.

आमच्याकडे गवयाला बिदागी मिळते, कीर्तनकाराला मिळते, आणि जितकी मोठी तितका माणूस मोठा. फुकट गातो त्याला कोण मानपत्र देतं? अमेरिकेत नुसता चेंडू टाकायला पगार देऊन ठेवला होता, याहून मोठं काय सांगायचं त्याच्याबद्दल? समितीत एकालाही त्यात वावगं दिसलं नाही. दादा तर म्हणाले, “ते वाक्य सगळ्यात वर घे.” फक्त फर्डिनंड मास्तर सायकल घेऊन पायरीवर आले, आणि आत माणसं होती म्हणून कारण न सांगता गेले.

समारंभात मानपत्र मीच वाचलं. “आपण आपल्या मायदेशी सलग तीन वर्षे पगारी खेळाडू म्हणून नावलौकिक मिळविलात, ही गोष्ट आम्हां वसईकरांस भूषणावह आहे.” टाळ्या पडल्या. रॉय माझ्याकडे बघत होता. मराठीचं अक्षर कळत नव्हतं त्याला, आणि गळ्यात दोन हार घालून तो हसत होता. आधी डोळे, मग ओठ. त्याच्या शेजारी मुंबईच्या बास्केटबॉल मंडळाचे पाहुणे बसले होते, मराठीच गृहस्थ. त्यांनी खिशातून पेन काढलं. मला वाटलं, माझी भाषा आवडली त्यांना.

मागच्या रांगेत मास्तरांनी मान खाली घातली होती.

मुंबईतल्या त्या कंपन्यांच्या स्पर्धा हौशी खेळाडूंच्या. खेळाचा एक आणासुद्धा ज्याने कधी घेतला, त्याला तिथे उभं राहता येत नाही. रॉयने अर्जावर ‘हौशी’ लिहून सही केली होती. कंपनीनेच करून घेतली होती. आठ दिवसांत मंडळाचं पत्र आलं. कंपनीचा कप काढून घेतला, रॉयला देशभर बंदी. कंपनीने दुसऱ्याच दिवशी त्याला कामावरून कमी केलं आणि आम्हाला यातलं काही ठाऊकच नव्हतं म्हणून सांगितलं. नोकरी नाही तर इथे राहायची परवानगी नाही. पाच आठवडे मिळाले.

तो रविवारी आला नेहमीसारखा. घडाखाली वाकून.

“काय लिहिलं होतंस गं त्यात?”

मी वाक्य इंग्रजीत सांगितलं. बैल थांबला होता, रहाटाच्या पोहऱ्यांतून थेंब पडत होते.

“छान आहे,” तो म्हणाला. “माझ्याबद्दल असं कुणी कधी लिहिलं नाही.”

“रॉय, मी—”

“तुला नियम कुठे ठाऊक होता? कुणी सांगितलंही नाही तुला.”

मी तिथे बोलायला हवं होतं. मास्तरांनी सांगितलं होतं, पायरीवर उभं राहून सांगितलं होतं, एवढी पाच-सहा अक्षरं. मी गप्प राहिले. तो रागावला असता तर मला तो हवा होता तितका उरला नसता, असं काहीतरी… त्या क्षणी मी एवढीच होते.

आणि मग तो म्हणाला, “तुझ्या वडिलांना बोलाव. मला काहीतरी विकायचंय त्यांना.”

दादा आले. रॉयने केस नीट केले. “त्यांना सांग, माझ्याकडे नोकरी नाही. देश आहे पण तिथे काम नाही. इटलीत जिनोव्हाला एका कारखान्याचा संघ आहे, ते घ्यायला तयार आहेत. मी बिघडलो तर दुरुस्त करणारा कुणी नाही. तरी त्यांची मुलगी मला हवी आहे.”

“काय म्हनतो?” दादांनी विचारलं.

“म्हणतात… इटलीत नोकरी लागलीय. आणि… मला मागणी घालतात.”

दादा माझ्याकडे वळले. “आनि मधलं काय गाळलंस?”

“दादा—”

“वर्सभर बघतो. तो चार वाक्यं बोलतो, तू येक सांगतेस.” त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला. “त्याला सांग, मी हो म्हनत नाय. आनि तुला अडवत पन नाय. यातलं काय गाळू नको.”

मी काही गाळलं नाही. तरी रॉयने वाकून दादांच्या पायाला हात लावला. एवढा उंच माणूस वाकायला लागला की संपतच नव्हता, आणि दादा मागे सरकता सरकता पाटात गेले.

मुंबईला रजिस्ट्रारसमोर लग्न झालं. साक्षीदार फर्डिनंड मास्तर. बाहेर पडल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि ‘मी सांगितलं होतं’ हे एक वाक्य त्यांनी उच्चारलंच नाही. तेव्हाही नाही, आजपर्यंत नाही. त्यापेक्षा बोलले असते तर बरं होतं. एकवीस दिवस आम्ही वाडीतल्या मागच्या खोलीत संसार केला. त्या खोलीचं दार त्याला छातीपर्यंत यायचं. आत यायच्या आधी तो दर वेळी विचारायचा, “येऊ का, मिसेस ट्रॅस्क?” आणि मी दर वेळी थोडी उशिरा हो म्हणायची.

बोटीवर चढताना त्याच्या काखेत चौकट होती. मानपत्राची.

“ते कशाला नेतोस?” मला बघवत नव्हतं.

“तू लिहिलंयस. मोसम संपला की तुला बोलावतो. वर्षभर, अनसूया.”

वर्ष भरायच्या आत लीला झाली. हे नाव मी निवडलं, कारण हे त्याला न अडखळता म्हणता येईल. त्याची पत्रं दर आठवड्याला यायची. कारखान्यात नावाला नोकरी, संध्याकाळी खेळ, तिथे कुणी काही विचारत नाही. थंडी. सुकेळीच्या पार्सलला गोदीत कुणीतरी भोक पाडून निम्मी खाल्ली. लीलाचे पाय किती लांब आहेत ते दोऱ्याने मोजून पाठव. डावा गुडघा जरा बोलायला लागलाय, काळजी करू नको.

मी तर काळजी करणारीच झाले होते. मूल झालं आणि माझे कान आणि डोळे मिटायचेच बंद झाले. लीला झोपली तरी नाकाशी बोट धरून बघायची. विहिरीला फळी टाकून घेतली. ती खोकली की मी उठायची, खोकली नाही की त्याहून आधी उठायची. द्वारका आत्या म्हणायची, “पोरीला श्वास घेऊ देशील की तोही तूच घेशील?”

बावन्नच्या एप्रिलमध्ये त्याचं पत्र आलं. ‘मानपत्र पलंगासमोर टांगलंय. रोज बघतो. वाचता येत नाही, पण तुझं अक्षर ओळखतो. लीला मोठी झाली की तिला सांग, तिच्या आईने काही वाईट केलं नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.’

ते वाचून मला राहवेना. लीला माझ्या मांडीवर होती, तिचे डोळे हुबेहूब त्याचे. त्या डोळ्यांसमोर मी किती वर्षं गप्प बसणार होते? तीन मेला मी सगळं लिहिलं. मास्तर आले होते, म्हणाले होते, मी ऐकलं नाही. ऐकलं नाही एवढंच नव्हे, वाक्य ठळक केलं. तू रागाव. पण तू ज्या अनसूयेवर प्रेम करतोस, ती मी व्हावी म्हणून हे लिहितेय. स्वतः पोस्टात जाऊन टाकलं.

त्यानंतर एकही पत्र नाही.

मे गेला, पाऊस गेला. मी कारखान्याच्या संघाला लिहिलं. गणपतीनंतर चार ओळींचं उत्तर आलं, इटालियनमध्ये. मास्तर ते पाद्रीबाबांकडे घेऊन गेले आणि मराठीत लिहून आणलं. रॉय ट्रॅस्कचा गुडघा शेवटच्या सामन्यात गेला. शस्त्रक्रिया झाली. करार पुढे चालू ठेवलेला नाही. बारा मे रोजी त्यांनी खोली सोडली. पुढचा पत्ता संघाला ठाऊक नाही.

विमानाच्या टपालाला आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे माझं पत्र अकराला पोचलं असेल. किंवा बाराला. किंवा तेराला… मी कॅलेंडरवर बोट ठेवून किती वेळा मोजलंय. अकराला पोचलं असेल तर त्याने ते वाचून खोली सोडली. तेराला पोचलं असेल तर तो एकटाच लंगडत कुठे तरी गेला, आणि ज्या बाईने त्याचा खेळ संपवला तिला अजून निर्दोष समजतोय. यातलं कुठलं बरं, हे मला ठरवता येत नाही. मला कळवायला लाज वाटली असेल त्याला. दुसरं काहीच येत नाही म्हणाला होता, आणि आता तेही गेलं. का आणखी काही झालं असेल, ते मी लिहीत नाही.

लीला आता सव्वा वर्षाची आहे. दाराच्या कडीला हात पोचवायला बघते. लोक विचारतात, हिचा बाप कुठे असतो? मी म्हणते, इटलीत. दादा काही विचारत नाहीत. रोज संध्याकाळी पिकलेलं एक केळं तिच्या हातात देतात आणि दुसरं उंबरठ्यावर ठेवून जातात. ते कुणासाठी, मी विचारलेलं नाही.

मास्तरांचा पुतण्या बोटीवर आहे, पण त्याची बोट बसऱ्याच्या पुढे जात नाही. म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी कुणाचा भाऊ, कुणाचा दीर जहाजावर नोकरीला असेल, आणि ते जिनोव्हाला लागत असेल, तर त्याला एक काम सांगा. स्टेशनामागच्या चढावर सिन्योरा पारोदी नावाच्या बाईची खाणावळ आहे, हिरव्या खिडक्यांची. रॉय तिथे राहायचा. तिला विचारा, उंच अमेरिकन कुठे गेला. बंदरावर विचारा, इस्पितळात विचारा. भेटला तर माझं नाव आधी काढू नका. बघा फक्त, काठी लागते का, अंगावर गरम कपडे आहेत का, कुणाशी बोलतो का. मग माझं पत्र पोचलं का ते विचारा. तो रागावलेला असेल तर तसंच मला कळवा, काही गाळू नका. रागावलेला चालेल. तो आहे, एवढं एकदा कुणीतरी जाऊन बघा.